सुरूखालची अबोली

श्रावण लागला की आमच्या नागावात पाहुणे येतात, सुरूखाली खुर्च्या टाकून बसतात आणि म्हणतात, "काय शांत आहे हो इथे!" मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. शांत आहे हे खरंच. सुरूच्या त्या दोन रांगांखाली गवताचं पातं उगवत नाही. चिखल होत नाही, तण काढावं लागत नाही. नुसती तपकिरी काड्यांची गादी, पाऊल टाकलं तर आवाजसुद्धा येत नाही. कुणी विचारतं, "एवढं स्वच्छ कसं ठेवता?" मी हसते आणि साखर किती ते विचारते. इथे माझ्या जाऊबाईंची अबोली होती आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून मारली, हे चहाबरोबर कसं सांगणार?

लोकांना श्रावणाचं भारी कौतुक. ऊन-पाऊस, हिरवंगार, उपास आणि साबुदाण्याची खिचडी. मला या महिन्याची आता धास्ती वाटते. पावसाचा जोर ओसरतो, माती भुसभुशीत होते, कुठलीही काडी खोचावी आणि तिला पालवी फुटावी असे हे दिवस. शेजारच्या वाडीत बायका जास्वंदीच्या फांद्या वाटून घेतात. "तुमच्याकडची डबल तगर द्या, आमच्याकडची पिवळी कोरांटी न्या," असं बांधावरून चालतं. मला हाक मारली की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. माझ्या हाताला गुण आहे असं गावात अजून म्हणतात. त्या हाताची काय कथा आहे ते मलाच माहीत.

कुंदावैनी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी पेणकडच्या भातशेतीवाल्यांच्या घरातून आले, मला वाडीतलं काही कळत नव्हतं. नारळाला आळं कधी करायचं, सुपारीला पाणी किती सोडायचं, सगळं वैनींनी शिकवलं. घराच्या पश्चिमेला, पाण्याच्या टाकीपासून बांधापर्यंत त्यांची अबोली. कमरेएवढी झुडपं, आणि त्यांच्यावर तो केशरी म्हणावा की गुलाबी, ठरवता येत नाही असा रंग. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी अबोलीचं एक वाळकं कणीस माझ्या हातात ठेवलं, वर दोन थेंब पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "मूठ मीट गो." मी मूठ मिटली. क्षणभरात मुठीत तडतड झाली, मी किंचाळून हात झटकला, बी सगळ्या अंगणात उडालं. पाणी लागलं की अबोलीचं बी असं फुटतं, हे मला कुठे ठाऊक! वैनी पोट धरून हसत होत्या. सासरी आल्यावर पहिल्यांदा मी कुणाबरोबर तरी मनापासून हसले, ते त्या दिवशी.

उजाडताच त्या फुलं खुडायच्या. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याचे बारीक दोर काढायच्या आणि मागच्या पायरीवर बसून वेण्या गुंफायच्या. बोटं दिसायची नाहीत, एवढी भराभर चालायची. मग टोपलीवर ओलं फडकं टाकून अलिबागच्या बाजारात. मासळीबाजाराच्या तोंडाशी त्यांची जागा ठरलेली होती, कोळणी दुसरीकडे वेणी घेत नसत. दीर गेले तेव्हाही तेरावं झाल्यावर त्या टोपली घेऊन निघाल्या. फरक एवढाच, की आता स्वतःच्या केसांत फूल नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या अंबाड्यावर वेण्या चढवणाऱ्या बाईचं डोकं उघडं होतं आणि यात कुणालाही काही खटकत नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरात एक रीत होती. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी वर्षाची पहिली फांदी सवाशिणीने खोचायची. मातीला हळदकुंकू वाहायचं, फांदी खोचायची, वर चूळभर दूध. आधी हा मान वैनींचा होता. दीर गेल्यावर सासूबाईंनी मला पुढे केलं. मी एक फांदी खोचायची, फोटो काढल्यासारखी दोन मिनिटं उभी राहायची आणि घरात जायची. उरलेल्या शंभर फांद्या वैनी लावायच्या. अशी दोन वर्षं गेली. दोन्ही वर्षं अबोली अशी फुलली, की वेण्या करून बोटं दुखायची. ती कुणाच्या हाताने फुलली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. फुलत होतं तोवर तो हात सगळ्यांचा होता.

मग ते वादळ आलं. आमच्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, नारळांचे शेंडे मोडले, पश्चिमेचा बांध फुटून खारं पाणी आणि वाळू पार पायरीपर्यंत आली. सगळे डोक्याला हात लावून बसले होते आणि वैनी अबोलीच्या मुळाशी विहिरीचं गोडं पाणी ओतत होत्या. घागरीमागून घागर, आठ-दहा दिवस, माती धुऊन निघेपर्यंत. झुडपं खरडून छाटली. भाद्रपदात त्यांना नवे कोंब आले. खाऱ्या मातीतून अबोली परत आणणाऱ्या बाईच्या हाताला गुण नाही असं पुढे आम्हीच म्हणालो. माणसाची आठवण किती सोयीची असते पहा!

वाडी उघडी पडली होती, समुद्राचा वारा थेट घरात शिरायचा. यांनी सुरूची रोपं आणली आणि बांधाच्या कडेने दोन रांगा लावल्या. माझे यजमान तसे कामाला वाघ. अबोलीपासून रांग जेमतेम पाच हातांवर आली, पण तेव्हा ती बोटभर रोपं, कोण कशाला मोजतंय? सुरू झपाट्याने वाढला. तिसऱ्या पावसाळ्यात घराच्या वर गेला. त्याला जे काम सांगितलं होतं ते त्याने चोख केलं, वारा अडवला. मी झाडाला दोष देत नाही.

आमच्या वाडीचा एक नियम आहे, वाडीत पडेल ते वाडीतच जिरवायचं. झावळी, सोपट, सुपारीच्या गळलेल्या पानाची विरी, काही बाहेर टाकायचं नाही. झाडाचं झाडाच्या मुळाशी. पिढ्यानपिढ्या हेच चाललं आहे आणि त्यावरच वाडी उभी आहे. तेव्हा सुरूच्या काड्या पडायला लागल्या तशा वैनींनी त्या झाडून अबोलीच्या मुळाशी पसरायला सुरुवात केली. मीही टोपल्या भरून दिल्या. मऊ, एकसारखं आच्छादन, दिसायलाही देखणं. महिन्याभरात मी कौतुकाने म्हटलं, "वैनी, तण बघा कसं बंद झालं!" त्याही खूश. तण मरतंय तर अबोलीचं काय होत असेल, एवढा साधा विचार दोन शहाण्या बायकांच्या डोक्यात आला नाही.

अबोली एका दिवसात मेली नाही. पानं आधी पिवळी झाली. वीतभर येणारं कणीस बोटाएवढं यायला लागलं, त्यावर चार फुलं, तीही फिकी. नवी खोचलेली फांदी पंधरा दिवसांत बुडाकडून काळी पडायची. वैनींनी शेणखत घातलं, चुलीची राख घातली, मासे धुतलेलं पाणी घातलं. शेवटी गारवा राहावा म्हणून सुरूच्या काड्यांचा थर आणखी जाड केला. रोज पहाटे उठून झुडपांपाशी बसायच्या. बाजारातली टोपली अर्धी झाली, मग रोजची एक दिवसाआड.

आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. अंगणात चार बायका बसल्या होत्या, वैनी पलीकडे भांडी घासत होत्या, ऐकू जाईल इतक्याच अंतरावर. "हात लागाया लागतो बायो. पांढऱ्या कपालाचा हात लावल्यावर फुलंल काय?" एकीने "व्हय, ता पन हाय" म्हणून पुस्ती जोडली. राखेने घासायच्या भांड्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आठवड्याभरात गावात सगळ्यांना कारण कळलं होतं. वैनींनाही. कोळणी वेणी घेण्याआधी विचारायला लागल्या, "ही तुज्या हातची काय गो?"

त्या श्रावणात सासूबाई म्हणाल्या, "या वर्साला कुंदानं हात लावाचा न्हाय. सगली अबोली धाकटी लावंल." मी नको म्हणायला हवं होतं. पण मी काय म्हणाले? "बरं, आई." मला बरंही वाटलं. सोळा वर्षं त्या घरात नांदत होते, सोळा वर्षं "शिकलेली हाय पन मातीतली अक्कल न्हाय" ऐकत होते. एकदा तरी सासूने चार बायकांत माझं नाव चांगलं घ्यावं, एवढंच हवं होतं. या एवढ्याशा हव्यासापायी माणूस काय करेल याचा नेम नाही.

मी फांद्या लावल्या. मोजून चाळीस. हळदकुंकू, दूध, सगळं यथासांग. पंधरा दिवसांत एकूण एक काळ्या पडल्या. वैनींच्या पडायच्या तशाच, बुडाकडून.

खरं तर त्या दिवशीच मी सासूबाईंचा हात धरून त्यांना तिथे न्यायला हवं होतं. हे बघा, सवाशिणीच्या हातच्याही मेल्या. झालं, विषय संपला असता. त्याऐवजी मी माहेरी जायचं निमित्त काढलं, रिक्षा करून रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले आणि अबोलीची भरगच्च फुललेली बारा रोपं आणली, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली. दुपारी घरात सगळे झोपलेले असताना मेलेल्या फांद्या उपटल्या, खड्डे केले आणि रोपं पिशवीसकट पुरली. पिशवीची कड दिसू नये म्हणून वर माती ओढली. मातीवर सुरूच्या काड्या.

पिशवी का नाही काढली? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि दर वेळी त्याचं उत्तर तेच आहे. त्या जमिनीला रोपाचं मूळ लागलं तर रोप मरेल, हे मला कळलं होतं. दोष जमिनीत आहे, हातात नाही, हे त्या दुपारी नागावात फक्त एका बाईला माहीत होतं आणि ती गुडघ्यावर बसून माती सारखी करत होती. पुढे ज्याला मी माझी चूक म्हणायला लागले ती चूक नव्हतीच. चूक न कळता होते.

गौरी आल्या. तेरड्याच्या गौरीला घरचीच अबोली हवी. बारा रोपं डवरली होती, नर्सरीतल्या खतावर. सासूबाईंनी शेजारणींना मुद्दाम पश्चिमेला नेऊन दाखवलं. "बगा, हात लागतो तो आसा." माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी खाली बघत होते, त्यांना वाटलं विनय. वेण्या गुंफायला मात्र वैनीच लागल्या, मला कुठे तेवढी सफाई! मागच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्या फुलांच्या वेण्या केल्या. एक झाली तशी वर धरून बघितली आणि म्हणाल्या, "चांगली फुललीय गो. तुजा हात लागला." आवाजात एवढासाही आडपडदा नव्हता. मत्सर असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत." आणि नैवेद्याचं निमित्त करून उठले.

गणपती-गौरी गेल्यावर उरणहून त्यांची लेक आली, माझी पुतणी शोभा. वैनींनी दोन पातळं पिशवीत घातली. "जरा दिस जातंय लेकीकडं." भांडण नाही, रडणं नाही. मी एसटीपर्यंत पोचवायला गेले. ते जरा दिवस अजून संपलेले नाहीत. मधे कुणाच्या लग्नाला, सासूबाई गेल्या तेव्हा दिवसांना, अशा येऊन गेल्या. पश्चिमेकडे एकदाही फिरकल्या नाहीत. माझी बारा रोपं पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आल्यावर चैत्रात वाळली. कुणी विचारलंही नाही. तोवर यांनी घराला होमस्टेची पाटी लावली होती आणि सुरूला झोपाळे बांधले होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक पाहुण्या बाई आल्या होत्या, कुठल्याशा कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या. मी सुरूखाली झाडत होते. त्या म्हणाल्या, "या काड्या फुलझाडांना घालत नाही ना तुम्ही?" मी केरसुणी धरून उभी राहिले. त्यांनी समजावून सांगितलं. सुरूच्या पडलेल्या काड्यांतून पावसाच्या पाण्याबरोबर काही द्रव्यं जमिनीत उतरतात, ती दुसऱ्या रोपांना वाढू देत नाहीत. शिवाय सावली, शिवाय सुरूची मुळं ओल ओढून घेतात ते वेगळंच. चिंचेखाली कुठे काही उगवतं, तशातलाच प्रकार. "मग इथे फुलझाड लावायचंच नाही?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लावायचं की. लांब लावा. नाहीतर मोठ्या कुंडीत, बाहेरची माती घालून, मुळं खाली उतरू न देता. काड्या रोज झाडून काढा. एवढं केलं की अबोलीसुद्धा येईल." एवढं केलं की. कुंडीतली माती वेगळी ठेवायची हे मला कुणी सांगायला नको होतं, बाई. ते मी करून बसले होते. असं का होतं, तेवढं त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे मोबाइलवर पुढच्या आठवड्याची बुकिंगं बघत होते. म्हणाले, "मग काय सुरू तोडू? अगं, गिऱ्हाईक सुरूसाठीच येतं. अबोली बघायला कोण येणार इथवर?" त्यांचंही बरोबर आहे. या घरात सगळ्यांचंच नेहमी बरोबर असतं.

आता कुणी म्हणेल, काही माणसंही अशीच असतात, सुरूसारखी, आपल्या सावलीत दुसऱ्याला वाढू न देणारी. मला ही उपमा आवडत नाही. सुरूला ठाऊक नसतं. त्याच्या काड्या पडतात, पाऊस पडतो, खाली जे व्हायचं ते होतं. आम्हाला ठाऊक होतं. निदान मला होतं. झाडाच्या आड माणसांनी लपू नये.

ते कळल्यालाही वर्ष झालं. आज जाते, उद्या जाते करत मी ते वर्ष घालवलं. यंदा श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी मात्र मी उरणला गेले. शोभाचा नवरा न्हावा शेवाला कंटेनर यार्डात कामाला आहे, तिसऱ्या मजल्यावर घर. खालच्या रस्त्यावरून ट्रेलर सारखे जात असतात, बोलताना आवाज चढवावा लागतो. वैनी वाळल्या आहेत. मला बघून आनंदल्या, हाताला धरून आत नेलं. गॅलरीत कुंड्या होत्या, तुळस, गुलाब, कढीपत्ता. शोभा पाणी घालत होती. मी सहज म्हटलं, "वैनी, तुमची बाग दिसतेय."

शोभाच म्हणाली, "कसली काकी! आई कुंडीला बोट लावत नाही. मी दोन दिवस गावाला गेले तर शेजारणीला चावी देऊन जाते पाणी घालायला. आई घरात असून."

"कशाला उगीच," वैनी म्हणाल्या. "पोरीची चांगली झाडा हायत. माजा हात नको." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. आपल्याला साखर चालत नाही असं सांगावं, तसं म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. सुरूच्या काड्यांचं सांगितलं. माझ्या चाळीस फांद्या काळ्या पडल्या ते सांगितलं. नर्सरी, बारा रोपं, पुरलेल्या पिशव्या, वरून ओढलेली माती, एकही गोष्ट मागे ठेवली नाही. ट्रेलर गेला की थांबत होते आणि पुन्हा बोलत होते. म्हणाले, "वैनी, तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी गप्प बसले." शोभाच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला पटलं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मी वैनींकडे बघितलं. त्यांनी शिव्या द्याव्यात, दाराबाहेर काढावं, याची मी तयारी करून गेले होते.

वैनी हसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुजी अबोली काय मी बगितली न्हाय? माज्या ह्या हातानं वेन्या केल्यात तिच्या. आशी फुला मेल्या झाडाला येतात?"

"वैनी, ती विकतची होती. देवाशपथ."

"आसू दे गो. शपथ घेव नको माज्यापायी." त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि पदराखाली नेला. मग शोभाकडे वळून म्हणाल्या, "चाय ठेव काकीला. बग, माज्या जीवाला बरा वाटावा म्हनून एवढ्या लांबशी खोटा बोलाला आली. आशी जाव नशिबानं गावते."